गुहागरसमोर पंख्यात जाळं: दोघांच्या शिडाच्या बोटीवरचा एक दिवस

डिसेंबर ते मार्च या महिन्यांत मुंबई ते गोवा शिडाच्या बोटीने उतरणाऱ्यांना वाऱ्यापेक्षा जास्त त्रास जाळ्यांचा होतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ती उठली की पुढचे दहा महिने किनाऱ्यापासून दहा-पंधरा सागरी मैलांच्या पट्ट्यात कुठे ना कुठे जाळं पसरलेलं असतंच. ते बोटीला पाण्याखालून ढकलणाऱ्या पंख्यात (प्रॉपेलरमध्ये) अडकलं, इंजिन बंद पडलं आणि बोटीवर फक्त नवरा-बायको आहेत, तर कुठली गोष्ट कुठल्या क्रमाने करायची, एवढाच या प्रकरणाचा विषय. यातलं जोडपं आणि त्यांची बोट नमुन्यादाखल उभी केली आहेत. वारा, भरती, अंतरं आणि यंत्रांचं वागणं मात्र या किनाऱ्यावर असतं तसंच घेतलं आहे.

बोट आणि माणसं

बोट ३४ फुटी, फायबरची, एका डोलकाठीची. वजन साडेपाच टन, पाण्याखालची खोली १.६ मीटर. २९ अश्वशक्तीचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन. इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा २५ मिलिमीटर जाडीचा स्टीलचा दांडा, म्हणजे शाफ्ट, आणि त्यावर तीन पात्यांचा ब्राँझचा पंखा. शाफ्ट तळातून बाहेर पडतो तिथे पाणी आत येऊ नये म्हणून जुन्या पद्धतीची ग्लँड आहे, म्हणजे शाफ्टभोवती ग्लँड दोरीचे तीन वेढे आणि ते दाबणारी दोन बोल्टांची चकती. सुकाणूचं पातं आणि बोटीचा तळ यांच्यात बोटभर फट आहे. ही फट पुढे महत्त्वाची ठरते.

नांगर १५ किलोचा. त्याला ८ मिलिमीटरची ५० मीटर साखळी आणि पुढे ४० मीटर नायलॉनचा दोर. बॅटऱ्या १०० अँपिअर-तासांच्या दोन, त्यांतले निम्मे अँपिअर-तासच वापरायचे असा नियम. छतावर १०० वॉटच्या दोन सौर पट्ट्या. गोडं पाणी २०० लिटर. दोघांना स्वयंपाक, पिणं आणि समुद्रस्नानानंतरची तांब्याभर आंघोळ धरून ते बारा-तेरा दिवस पुरतं.

तो पन्नाशी पार केलेला, ८४ किलोचा. ती त्याच्याहून चार वर्षांनी लहान, ५६ किलोची, पोहण्यात त्याच्यापेक्षा कितीतरी सरस. ही वजनं उगाच दिलेली नाहीत.

वाऱ्याचं घड्याळ

हिवाळ्यात कोकणातला वारा कारकुनासारखा वेळेवर येतो-जातो. रात्री जमीन थंड होते आणि मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. पहाटे तो आठ-दहा नॉट (तासाला सागरी मैल) असतो. नऊ-साडेनऊला तो मरतो. मग दोन-अडीच तास पाणी तेलासारखं सपाट. बाराच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा सुरू होतो, तीनपर्यंत पंधरा नॉटांवर जातो आणि सूर्यास्तानंतर ओसरतो.

याचा अर्थ असा की शिडाची बोट इंजिन लावते ती नेमकी वारा पडल्यावर. पंख्यात जाळं येणार तेही त्याच वेळी, म्हणजे इंजिन गेलं की लगेच शीड उभारून निघून जाणं शक्य नसतं. आणि दोन तासांनी येणारा वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे तिरपा ढकलणारा असतो. सपाट पाण्याचे हे दोन तास चांगलेही आहेत आणि मुदतबंदही. या प्रकरणातला जवळपास प्रत्येक निर्णय त्या मुदतीवर उभा आहे.

अडकण्याआधीची चूक

पहाटे सव्वापाचला हर्णैहून, सुवर्णदुर्गाच्या आडोशातून, नांगर उचलला. मुक्काम जयगडचा, अंतर साधारण ३२ सागरी मैल. पहिले चार तास मतलईवर छान गेले. दाभोळ मागे पडलं, वारा गेला, नऊ वाजता इंजिन सुरू झालं. मिनिटाला २२०० फेऱ्यांवर पाच नॉट, स्वयंचलित सुकाणू चालू, बोट किनाऱ्यापासून तीन मैलांवर, पाणी १६ मीटर.

९ वाजून ४० मिनिटांनी दोघंही कॉकपिटमध्ये पोहे खात बसलेले होते. दोघं बाहेर होते म्हणजे नजर ठेवली जात होती, असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात दोघांनीही ते काम दुसऱ्याचं धरलेलं होतं. दोन माणसांच्या बोटीवर 'आत्ता पहारा माझा' हे तोंडाने बोलावं लागतं, आणि ज्याचा पहारा त्याने थाळी हातात घ्यायची नाही.

दुसरं कारण सूर्याचं. दक्षिणेकडे जाताना सकाळी दहाच्या आसपास सूर्य डाव्या बाजूला पुढे असतो आणि त्या अंगाचं पाणी पत्र्यासारखं चकाकतं. बांबूवर बांधलेलं काळं फडकं तिथे दिसतच नाही. उजव्या बाजूचा बावटा त्यांना दिसला होता. त्याला शंभर मीटर अंतर देऊन बोट जमिनीच्या बाजूने काढली. जोडीदार बावटा नेमका त्या चकाकीत होता. एकसारखे दोन बावटे म्हणजे एकाच जाळ्याची दोन टोकं. दुसरा सापडेपर्यंत पहिल्याच्या जवळून जायचंच नाही. वेग कमी करायचा, उभं राहायचं, दुर्बीण लावायची आणि बोयांची रांग कुठल्या दिशेने जाते ते शोधायचं. जवळ होडी थांबलेली असेल तर ती बहुधा जाळ्याच्या टोकालाच असते. तिच्या नाळेसमोरून, म्हणजे पुढच्या टोकासमोरून, न जाता मागून जावं.

पहिली दहा मिनिटं

इंजिनाचा आवाज एकदम जड झाला, फेऱ्या १४००वर आल्या, मागे काळा धूर दिसला. त्याने गिअर न्यूट्रलला आणला. इथपर्यंत ठीक. पण पुढच्याच क्षणी, 'उलटं फिरवून सुटेल' म्हणून दोन सेकंद रिव्हर्स टाकला आणि इंजिन धाडकन बंद पडलं.

हा हात जवळपास प्रत्येकाचा जातो. पुढे जाताना पंख्याने जाळं एका दिशेने गुंडाळलेलं असतं. रिव्हर्स टाकल्यावर तो वेढा सुटत नाही, कारण सुटं टोक तोवर पाण्यात सैल होऊन पंख्याच्या दुसऱ्या अंगाला गेलेलं असतं. आता तेही आत ओढलं जातं. परिणामी पंख्याच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन गोळे तयार होतात. घर्षणाने नायलॉन वितळतं आणि थंड झालं की प्लास्टिकच्या डब्यासारखं कडक होतं. त्या दोन सेकंदांची किंमत संध्याकाळी अर्धा तास करवत चालवून द्यावी लागली.

यापुढचं मात्र दोघांनी नीट केलं. किल्ली काढून तिने स्वतःच्या खिशात ठेवली. जो पाण्यात जाणार त्याच्याकडेच किल्ली, हा साधा नियम. मोठं शीड वर होतंच, ते मधोमध घट्ट केलं म्हणजे बोट कमी डुलते. नांगराची पिन काढून तो सोडायला तयार ठेवला, पण सोडला नाही.

नांगर का नाही, यावर वाद होऊ शकतो. पुस्तकी उत्तर 'आधी नांगर' असं आहे आणि किनारा जवळ असता तर तेच बरोबर ठरलं असतं. इथे प्रवाह अर्धा नॉट दक्षिणेकडे, किनाऱ्याला समांतर होता. वारा शून्य. जाळंही त्याच प्रवाहाबरोबर वाहत होतं. बोट मोकळी सोडली तर बोट, जाळं आणि पाण्यात उतरलेला माणूस तिघंही एकाच वेगाने सरकतात, म्हणून जाळ्याला ताण बसत नाही आणि बुडी मारणाऱ्याला प्रवाहाशी झुंजावं लागत नाही. नांगर टाकला असता तर बोट थांबली असती, जाळं पुढे ओढत राहिलं असतं आणि सगळा ताण पंख्यावर आला असता. शिवाय नांगर त्याच जाळ्यात रुतण्याची शक्यता. आणि १६ मीटर पाण्यात नांगर हाताने उचलायचा तर १५ किलो नांगर अधिक १६ मीटर साखळीचे २२ किलो, म्हणजे ३७ किलो ओढायचे. विजेवरचं नांगरयंत्र सुरुवातीलाच ऐंशी-नव्वद अँपिअर खातं. इंजिन बंद असताना तो खर्च झेपत नाही.

म्हणून त्यांनी हद्द ठरवली: पाणी १० मीटरवर आलं किंवा किनारा दीड मैलावर आला की नांगर टाकायचा. आकडा आधीच ठरवला की नंतर भीतीच्या भरात तो बदलता येत नाही.

आतली तपासणी

पाण्यात उडी मारायची घाई होते. पण जाळ्याने शाफ्ट मागे खेचला असेल किंवा ग्लँड हलली असेल तर खरा धोका बोटीच्या आत असतो. तपासायला पंधरा मिनिटं लागतात.

आधी शाफ्टवरची कडी पाहिली. ग्लँडच्या आतल्या बाजूला ३० मिलिमीटरवर शाफ्टवर एक स्टीलची क्लिप आवळून ठेवलेली होती. शाफ्ट सुटून मागे सरकलाच तर ती ग्लँडला अडते आणि भोक उघडं पडत नाही. अगदी स्वस्त वस्तू, प्रत्येक बोटीवर हवी. अंतर ३० मिलिमीटरच भरलं, म्हणजे शाफ्ट जागेवर होता. शाफ्ट इंजिनाला जोडणाऱ्या कपलिंगचे चारही बोल्ट घट्ट होते. इंजिनाच्या चार रबरी पायांपैकी मागच्या उजव्याला केसासारखी चीर दिसली.

ग्लँड मात्र गळत होती. शाफ्ट थांबलेला असताना तिथून जवळजवळ काहीच येऊ नये. इथे सलग धार नव्हती, पण थेंब मोजता येत नव्हते इतके भरभर पडत होते. २०० मिलिलिटरचा चहाचा कप खाली धरला, तो चार मिनिटांत भरला. म्हणजे तासाला तीन लिटर. विजेचा पंप ते सहज काढतो, त्यामुळे घाबरण्याचं कारण नव्हतं. असं मोजलं की 'पाणी येतंय!' या ओरडण्याची जागा एक आकडा घेतो. दोन्ही बोल्ट सारखेच, प्रत्येकी एक षष्ठांश फेरा आवळले आणि पाच मिनिटं थांबून पुन्हा कप धरला. आता तो भरायला पंचवीस मिनिटं लागणार होती. आणखी आवळायचा मोह होतो. तो टाळावा, कारण ग्लँड दोरी कोरडी पडली की शाफ्टवर चरे पाडते आणि मग गळती कायमची राहते.

शेवटी कपलिंग धरून शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. अष्टमांश फेरा फिरला आणि स्प्रिंगसारखा परत आला. नुसता दोर असता आणि एकाच दिशेने गुंडाळलेला असता, तर एकाने आतून उलटा शाफ्ट फिरवत आणि दुसऱ्याने बाहेरून टोक ओढत तो सुटला असता. इथे दोन्ही बाजूंनी गोळे होते, त्यामुळे ती आशा सोडली.

व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर जागा, बोटीचं वर्णन आणि 'इंजिन बंद, जाळ्यात अडकलो आहोत, तातडीची मदत नको' एवढं सांगून ठेवलं. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ फोनमध्ये होताच. किनाऱ्यापासून तीन मैलांवर फोनला बहुतेक ठिकाणी रेंज मिळते.

जाळ्याचा मालक

साडेदहाच्या आधीच एक होडी आली. इथे अनेक सुखवस्तू बोटवाले चूक करतात. होडी यायच्या आधीच सुरी काढून जाळं चराचरा कापतात. कापलेलं जाळं खाली जातं, मासेमाराचा दिवस आणि भांडवल दोन्ही बुडतं, आणि पुढचं संभाषण कसं होणार हे सांगायला नको.

तिने मागच्या बाजूला उभं राहून आधीच हाक दिली, "दादा, जाळं पंख्यात आलंय. अजून कापलं नाही."

होडीच्या तांडेलाने, म्हणजे प्रमुखाने, बोटीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "ताई, मशीन लावू नका. आम्ही दोन्हीकडून ओढून घेतो, मग बघू."

हे काम त्यांनीच करायचं असतं, आणि ते आपल्याहून कितीतरी चांगलं करतात. त्यांनी एका टोकाकडून जाळं होडीत घेत घेत बोटीच्या मागे आणलं, मग दुसऱ्या टोकाकडून. अर्ध्या तासात शेकडो मीटर जाळं होडीत गेलं आणि पंख्याला धरून उरला फक्त सहा-सात मीटरांचा तुकडा. त्याच्या दोन्ही बाजूंना वरची बोयांची दोरी आणि खालची शिशाची दोरी एकत्र घेऊन गाठ मारली आणि गाठीच्या आत, बोटीच्या बाजूला कापलं. पाण्यात जाण्याआधी सुटं जाळं असं काढून घेतलं की बुडी मारणाऱ्याच्या हातापायाला गुंडाळायला काही उरत नाही. पंख्यातली जाळी सोडवताना माणूस धोक्यात येतो तो बहुतेक वेळा तरंगणाऱ्या सैल जाळ्यामुळे.

भरपाई लागते ती कापलेल्या तुकड्याची आणि गेलेल्या वेळेची. बोटीवर थोडी रोकड ठेवावी, घासाघीस करू नये. चूक बावट्याच्या मधून घुसणाऱ्याची असते.

पाण्याखाली, पहिला प्रयत्न

बुडी तिने मारली. ती चांगली पोहते हे कारण होतंच, पण मोठं कारण वजनाचं. पाण्यात माणूस बेशुद्ध झाला तर वर उरलेल्याला त्याला बाहेर काढता आलं पाहिजे. ८४ किलोचा माणूस ५६ किलोच्या माणसाने शिडीवरून ओढून घेणं जमत नाही. तिने अंगात पट्टा घातला, आणि शीड वर चढवायचा दोर त्या पट्ट्याला अडकवता येईल असा मोकळा करून त्याने विंचवर घेऊन ठेवला. शिडी खाली. मागे १५ मीटर तरंगता दोर, टोकाला बोया. मासेमारांना 'बुडी चालू आहे' हा आंतरराष्ट्रीय 'ए' झेंडा समजेलच असं नाही. त्यापेक्षा वरच्या माणसाचा हात आणि शिट्टी जास्त कामाची.

साहित्य फार लागत नाही. घट्ट बसणारा मुखवटा, पायात पंख, हातमोजे, डोक्यावर सायकलचं हेल्मेट, ब्रेड कापायची दातेरी सुरी आणि हॅकसॉचं पातं, ज्याच्या अर्ध्या भागाला कापडी टेप गुंडाळून मूठ केलेली. गुळगुळीत पात्याची सुरी, कितीही धारदार असली तरी, ओल्या नायलॉनवर घसरते. दोन्ही हत्यारं मनगटाला दोरीने बांधलेली. एक खाली पडलं की १६ मीटर खाली गेलं.

हेल्मेटचं हसू येतं, पण सपाट वाटणाऱ्या समुद्रातही बोटीचं मागचं टोक संथ लाटेवर तीस-चाळीस सेंटिमीटर वरखाली होतं. साडेपाच टनांचा तळ डोक्यावर येतो तेव्हा तो हळूच आला तरी पुरतो. म्हणून एक हात कायम शाफ्टच्या आधारकंसावर, काम दुसऱ्या हाताने.

पाणी २७-२८ अंश असल्याने थंडीचा प्रश्न नव्हता. दृश्यता दोन मीटर. एका श्वासात चाळीस सेकंद, त्यांतली तीसच कामाची. वर आल्यावर दोन मिनिटं थांबायचं, आणि बुडीआधी भराभर खोल श्वास घ्यायचे नाहीत. तसे घेतले तर श्वासाची तलफ उशिरा लागते आणि पाण्याखालीच शुद्ध हरपू शकते. पहिल्या चार बुड्यांत सुकाणूच्या फटीत घुसलेली वरची दोरी कापली. ती निघाल्यावर सुकाणू मोकळं झालं. हे आधी, पंखा नंतर. इंजिनाशिवाय बोट चालते, सुकाणूशिवाय नाही. मग पंख्याच्या मागचा गोळा, जो सैल होता, थरांनी निघाला. पुढचा, शाफ्ट आणि आधारकंस यांच्या मधला, वितळून मुठीएवढा घट्ट झालेला होता. पात्याने त्यावर खाच पडली, एवढंच.

अकरा-वीसला त्याने शिट्टी मारली. पंचेचाळीस मिनिटं किंवा पंधरा बुड्या, जे आधी होईल ते, असं ठरलेलं होतं. ती म्हणत होती, "अजून दोन, निघेलच." माणूस दमला की त्याला काम संपत आल्यासारखं वाटू लागतं, म्हणून थांबायचं हे वरच्या माणसाने सांगायचं आणि खालच्याने वाद घालायचा नाही. मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, सावली, अर्धा तास आडवं पडणं.

अकरा-पन्नासला वायव्येच्या पाण्यावर पहिली काळसर सुरकुती दिसली.

इंजिनाशिवाय जयगड

बारा-दहाला दोन्ही शिडं भरली. बोट प्रवाहाबरोबर मैलभर दक्षिणेला सरकलेली होती, जयगड साडेनऊ मैल उरलं होतं. वायव्येचा वारा मागून तिरपा, म्हणजे शिडासाठी सर्वांत सोपा. अडकलेला पंखा ओढत जाताना अर्धा नॉट कमी मिळतो, बाकी फरक पडत नाही. स्वयंचलित सुकाणू आणि फ्रिज दोन्ही बंद केले. उष्ण पाण्यात फ्रिज दिवसाला पन्नास-साठ अँपिअर-तास खातो आणि सौर पट्ट्या साधारण तेवढंच देतात. इंजिन नसताना शिल्लक रेडिओ, दिवे आणि पंपासाठी. फ्रिजमधली सुरमई त्याच रात्री तव्यावर गेली.

अडचण होती ती खाडीत शिरण्याची. जयगडच्या मुखाशी मोठ्या जहाजांचं बंदर आहे, टगबोटी फिरतात, आत जयगड-तवसाळ फेरी ये-जा करते. वाऱ्यावर खाडीत घुसणं सोपं, पण चुकलं तर तोच वारा बाहेर पडू देत नाही. ओहोटी चालू असती तर समोरून पाणी आणि मागून वारा, अशी मुखाशी उभी लाट उठते. तिथे बोट सुकाणू ऐकेनाशी होते. अशा वेळी बाहेर समुद्रातच फेऱ्या मारत थांबावं.

त्या दिवशी अष्टमी. भरतीच्या वेळेचा जुना हिशेब, तिथीचा पाऊणपट: आठाची पाऊणपट सहा. हा आकडा मुंबईच्या बाजूचा. दक्षिणेकडे भरती आधी येते, म्हणून जयगडला पाचच्या आसपास धरली. भरतीपत्रकाने तेच सांगितलं. म्हणजे अडीचला पाणी आत जात असणार. भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस असल्याने प्रवाहही मवाळ. मुंबईला उधाणात पाणी चार मीटरांहून जास्त चढतं, इथे फरक मुळातच त्याच्या निम्मा, आणि अष्टमीला तर आणखी कमी.

बंदराच्या नियंत्रण कक्षाला रेडिओवर कल्पना दिली. मुखाच्या बाहेरच मोठं शीड उतरवलं, कारण मागून पंधरा नॉट वारा असताना अरुंद जागेत ते अचानक पलटी खाल्लं तर बूम, म्हणजे शिडाच्या तळाची आडवी काठी, डोकं फोडते. पुढचं शीड एक तृतीयांश ठेवलं, वेग अडीच नॉट. किल्ल्याच्या आतल्या अंगाला लाट मोडली, वारा मात्र राहिला. फेरीचा मार्ग सोडून, सहा मीटर पाणी आणि चिखलाचा तळ असलेली जागा नकाशावर आधीच ठरवलेली होती. तिथे सुकाणू फिरवून नाळ वाऱ्याकडे केली, शीड गुंडाळलं, बोट पूर्ण थांबू दिली आणि ती मागे सरकू लागल्यावर नांगर सोडला. सहा मीटर पाणी, एक मीटर भरती चढायची, एक मीटर नाळेची उंची, मिळून आठ. पाचपट म्हणजे ४० मीटर साखळी. इंजिन असतं तर रिव्हर्स देऊन नांगर रुतवला असता. इथे ते काम वाऱ्याने केलं. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून वीस मिनिटं पाहिलं, खुणा हलल्या नाहीत.

दुसरी बुडी आणि सकाळ

पावणेपाचला, पाणी थांबायच्या सुमारास, ती पुन्हा उतरली. खाडीतलं पाणी गढूळ, अर्ध्या मीटरपलीकडे काही दिसत नाही. काम हाताच्या चाचपणीवर. इथे सुरी निरुपयोगी. हॅकसॉचं पातं शाफ्टला समांतर धरून गोळ्याला लांबीत चीर पाडायची, आडवी नाही. आडवी कापली तर पातं शेवटी शाफ्टवर घासतं. चीर तळापर्यंत गेल्यावर स्क्रू ड्रायव्हर घालून पिळला आणि गोळा दोन भकलांत उघडला. एकूण अर्धा तास. पोटरीला बार्नेकलचे (तळाला चिकटणाऱ्या कवचाच्या जीवांचे) तीन ओरखडे. गोड्या पाण्याने धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावलं. खाडीच्या पाण्यातली अशी जखम दोन दिवसांत चिघळते.

सूर्यास्ताआधी इंजिन सुरू केलं. आधी न्यूट्रलमध्ये थंडाव्याचं पाणी बाहेर पडतं का पाहिलं, मग सर्वांत कमी फेऱ्यांवर गिअर. कंप जाणवला नाही. शाफ्ट पाण्याखाली हाताने हलवून रबरी बेअरिंगमधली सैल बघितली होती, ती मिलिमीटरच्या आत होती. दीड मिलिमीटरच्या पुढे गेली असती तर बोट पाण्याबाहेर काढावी लागली असती. शेवटी कपलिंगचे बोल्ट सैल करून दोन चकत्यांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चार ठिकाणी मोजली. वर आणि खाली ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. इथे ०.२५ निघाला, त्या चिरलेल्या रबरी पायामुळे. पायाचा नट अर्धा फेरा वर घेतल्यावर तो ०.१वर आला. नवा पाय येईपर्यंत १८०० फेऱ्यांच्या वर जायचं नाही असं ठरलं.

शाफ्टवर बसवायच्या दोरकापू चकतीबद्दल नेहमी विचारलं जातं. ती दोराला चांगली, बारीक तंतूंच्या जाळ्याला अर्धवट. त्याआधी सुकाणूच्या पुढची फट बंद करावी. तळाला स्टीलची बारीक पट्टी लावली की दोरी तिथे शिरत नाही. सेलड्राइव्ह, म्हणजे शाफ्टऐवजी तळातून थेट खाली उतरणारा गिअरचा पाय, असलेल्यांनी मात्र असा प्रसंग आल्यावर गिअरचं तेल लगेच तपासावं. नायलॉनचा तंतू सीलमध्ये गेला की तेल दुधाळ होतं आणि ते कळेपर्यंत गिअर खराब झालेला असतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे ग्लँडचे थेंब मोजले: शाफ्ट फिरत असताना मिनिटाला तीन, थांबल्यावर शून्य. साडेपाचला मतलईवर नांगर उचलला. रत्नागिरी वीस मैलांच्या आत. मिऱ्याच्या आडोशाला साडेदहापर्यंत पोचायचं, म्हणजे वारा पडल्यावर फार तर तासभर इंजिन. त्या तासाचा पहारा तिचा, पोहे त्याच्याकडे.